गिरणीच्या जागी गाडी

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बैठक मागच्या महिन्यात गच्चीवर झाली. ठाण्याच्या नौपाड्यातली तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत, पन्नाशीला टेकलेली. जिन्यात ओल, छताचे पोपडे, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गेली दोन वर्षं डॉक्टरकडे जायचं असेल तरच खाली उतरतात. इमारत पाडून नवी बांधायची, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. आर्किटेक्टने नकाशे पसरले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, आणि आम्ही सगळे वाकून आपापलं घर शोधू लागलो.

घरं सापडली. मग कुणीतरी तळमजल्याचा कागद वर काढला. आज तिथे चार गाळे आहेत: पिठाची गिरणी, वाण्याचं दुकान, एक शिंपी आणि एका डॉक्टरांचा छोटा दवाखाना. नव्या नकाशात त्या जागी उतार, गाड्या एकावर एक चढवायचं यंत्र, मीटरची खोली आणि चौकीदाराची केबिन. गाळेवाल्यांना पहिला मजला. "अहो, म्हणजे दळणाचा डबा घेऊन मी पहिल्या मजल्यावर चढू का?" शेजारच्या काकूंनी विचारलं. शिवाय गिरणीचा हादरा पहिल्या मजल्यावर चालणार नाही, हे गिरणीवाल्यालाच आधी कळलं. तो काही बोलला नाही, नकाशाकडे बघत उभा राहिला. आर्किटेक्ट भला माणूस होता. तो म्हणाला, "माझ्या हातात असतं तर ठेवले असते हो गाळे. पण नियमाप्रमाणे एवढ्या गाड्यांची जागा दाखवावीच लागते. नाहीतर नकाशा मंजूर होत नाही."

आमच्या सोळा बिऱ्हाडांत मिळून आज पाच गाड्या आहेत.

त्या बैठकीपासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे आणि ती ठाणेकरांपुढे मांडायची आहे. ठाणे स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत जाता येईल, एवढ्या टापूत नव्या इमारतींवरची गाड्यांच्या जागेची सक्ती काढून टाकावी. नौपाडा, चरई, गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका, खारकर आळी, टेंभी नाक्यापर्यंतचा भाग, आणि पलीकडे कोपरी. या टापूत माणसं वाढू द्यावीत, घरं वाढू द्यावीत, दुकानं आणि कचेऱ्या वाढू द्याव्यात. ज्याला गाडीची जागा हवी त्याने ती जरूर विकत घ्यावी. पण ज्याला नको, त्याच्या घराच्या किमतीत ती घालू नये आणि तिच्यासाठी रस्त्याकडेची गिरणी उठवू नये.

हे एका गिरणीपुरतं गाऱ्हाणं नाही. शहर कुठे वाढवायचं, हा मूळ प्रश्न आहे. ठाणे महापालिकेच्या हद्दीत २००१ च्या जनगणनेत १२ लाख ६२ हजार लोक होते, २०११ मध्ये १८ लाख ४१ हजार. त्यानंतर जनगणना झालेली नाही, पण ठाणं किती फुगलं ते सांगायला आकडा लागत नाही. हे लोक प्रामुख्याने गेले कुठे? घोडबंदर रोडला. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मधून एक रस्ता, आणि त्या रस्त्यावर वीस-वीस, तीस-तीस मजली संकुलं. कासारवडवलीहून ठाणे स्टेशन दहा किलोमीटरच्या आसपास पडतं. सकाळी कपूरबावडीला आणि माजिवड्याला काय होतं, ते रोज जाणाऱ्याला विचारा. त्या रस्त्याचे सेवा रस्तेसुद्धा मुख्य रस्त्यात मिसळायला घेतले. म्हणजे पायी जाणाऱ्याला आणि रिक्षेला जो थोडा आडोसा होता, तोही गाड्यांकडे गेला. तिथे राहणाऱ्यांचा यात काही दोष नाही. परवडेल असं घर त्यांना तिथेच मिळालं.

आणि दुसरीकडे हे जुनं ठाणं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली, ते स्टेशन याच्या उशाशी. मुंबईची लोकल, कल्याण-कसारा-कर्जतची लोकल, २००४ पासून वाशीकडे जाणारी ट्रान्स हार्बर लोकल, पश्चिमेला सॅटिसच्या उन्नत पुलावरून सुटणाऱ्या बस. २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, तिची २२ स्थानकं असतील आणि तिचं एक टोक इथेच जमिनीखाली ठाणे स्टेशनला मिळणार आहे. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये मनोरुग्णालयाच्या जागेवर नवं स्टेशन होतं आहे. अख्ख्या जिल्ह्यात वाहतुकीची एवढी सोय दुसऱ्या कुठल्याच ठिकाणी नाही. मग जिथे गाडीशिवाय सगळ्यात आरामात राहता येतं, तिथेच प्रत्येक नव्या घरामागे गाडीची जागा बांधा म्हणणारा नियम का?

राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली, ज्याला बांधकाम क्षेत्रातले सगळे यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर महाराष्ट्रभर हीच. एक नियमावली असणं चांगलंच, पूर्वी गावागणिक वेगळे नियम आणि त्यातून वेगळे अर्थ निघायचे. तिच्यात घर जितकं मोठं तितक्या गाड्यांच्या जागा जास्त, असं कोष्टक आहे. कोष्टक घराचं क्षेत्रफळ बघतं. ते घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे की पाच मैलांवर, याने कोष्टकाला फरक पडत नाही, आणि माझी सगळी तक्रार इथेच आहे.

गाडीला जागा किती लागते, ते एकदा मोजून बघावं. उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण गाडी काही आकाशातून उतरत नाही. तिला आत यायला, वळायला, मागे घ्यायला तेवढीच जागा आणखी लागते. म्हणजे साधारण २५ चौरस मीटर, २७० चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसनात आपलं सरकार एका कुटुंबाला जे घर देतं ते ३०० चौरस फुटांचं. या ठाण्यात हजारो कुटुंबं त्याहून लहान खोलीत राहतात, मुलांना वाढवतात, दहावीचा अभ्यास करून घेतात. जवळपास तेवढीच जागा एका गाडीसाठी राखून ठेवा, असं आपण कायद्याने सांगतो. ती बांधायचा खर्च बिल्डर पदरचा करत नाही. तो घरांच्या किमतीत येतो, गाडी असलेल्याच्याही आणि नसलेल्याच्याही. स्टेशनजवळ दोन खोल्यांचं घर शोधणारी नर्स, नुकतं लग्न झालेलं जोडपं, निवृत्त शिक्षक, हे सगळे दुसऱ्याच्या गाडीच्या जागेला हातभार लावतात, आणि तेवढे पैसे जमले नाहीत की घोडबंदर किंवा त्याच्याही पलीकडे जातात. तिथे गेल्यावर मग त्यांना खरोखरच गाडी लागते.

नौपाड्यातले भूखंड लहान आहेत. जुन्या बंगल्यांच्या जागी साठ-सत्तरच्या दशकांत तीन-चार मजली इमारती झाल्या, त्याच आज मोडकळीला आल्या आहेत. मोठ्या भूखंडावर मागे कुठेतरी वाहनतळ करता येतो. लहान भूखंडावर गाड्यांना एकच जागा उरते, ती म्हणजे रस्त्यालगतचा तळमजला. म्हणून नव्या इमारती खांबांवर उभ्या राहतात आणि रस्त्याकडे तोंड करून असतं ते लोखंडी फाटक आणि काळोख. विष्णूनगर, घंटाळीच्या बाजूला आता असे सलग पट्टे दिसू लागले आहेत. रात्री नऊ वाजता जुन्या गल्लीतून चाला आणि मग या नव्या पट्ट्यातून चाला. जुन्या गल्लीत वाण्याच्या दुकानाचा उजेड रस्त्यावर पडलेला असतो, इस्त्रीवाला उभा असतो, दवाखान्याच्या पायरीवर दोघं-तिघं बसलेले असतात. माझी मुलगी क्लासहून त्या गल्लीतून येते तेव्हा मी निर्धास्त असते. नव्या पट्ट्यातून येताना ती मला फोन करते.

दोन इमारतींमधली मोकळी जमीनही यात जाते. आमच्या आवारात एक आंबा, दोन नारळ आणि एक बुजत आलेली विहीर आहे. जुन्या नौपाड्यात बहुतेक आवारांत असंच काहीतरी आहे. पावसाचं पाणी तिथे जमिनीत मुरतं. गाड्यांना वळायला जागा हवी म्हणून ही सगळी माती फरसबंदीखाली जाते, आणि तळघर खणलं तर झाडाच्या मुळांना उतरायला जागाच उरत नाही. पाणी मुरायचं थांबलं की ते नाल्यात धावतं. मासुंदा तलावाच्या परिसरात आणि जांभळी नाक्याला जोराच्या पावसात काय होतं, ते दुकानदारांना पाठ आहे. तलावांचं शहर म्हणून आपण मिरवतो, तर तलावांच्या वरच्या अंगाची जमीन पाणी पिणारी ठेवणं हेही त्यातच येतं.

यावर पहिला आक्षेप येतो आणि तो खरा आहे. "जागा नाही दिली तर गाड्या रस्त्यावर लावतील." लावतील, कारण रस्त्यावर लावायला पैसे पडत नाहीत. आजही आमच्या गल्लीत रस्त्यावर ज्या गाड्या उभ्या आहेत त्यांतल्या कितीतरी अशा घरांच्या आहेत, ज्यांना इमारतीत जागा आहे. यंत्रावर गाडी चढवायला दहा मिनिटं लागतात, दारात लावायला दहा सेकंद. नियमाने बांधून घेतलेली जागा रिकामी आणि रस्ता भरलेला, हे आपण रोज बघतो. म्हणजे सक्तीने रस्ता मोकळा होत नाही. रस्ता मोकळा होतो तो रस्त्यावर गाडी लावण्याला दर लावल्याने आणि तो दर खरोखर वसूल केल्याने. रहिवाशांना परवाना, बाहेरच्यांना तासाचा दर, दुकानांपुढे माल उतरवायला ठरलेली वेळ. गावदेवी मैदानाखाली महापालिकेने भूमिगत वाहनतळ बांधलं आहे. तसं एक सामायिक वाहनतळ दिवसा खरेदीला आलेल्यांना आणि रात्री आसपासच्या रहिवाशांना मासिक भाड्याने वापरता येतं. इमारतीतली जागा मात्र मालक नसताना रिकामीच राहते.

जपानने हे १९६२ मध्येच केलं. तिथे गाडी ठेवायला जागा आहे, असा पोलिसांचा दाखला असल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. जागा दाखवायची जबाबदारी तिथे गाडी घेणाऱ्यावर आहे. आपल्याकडेही परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये, पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही असं धोरण आणण्याचं जाहीर केलं होतं. ते स्वतः ठाण्याचेच आमदार. हे धोरण आलं तर मी त्याचं मनापासून स्वागत करेन. पण एकदा जबाबदारी गाडीच्या मालकावर टाकली, की तीच जबाबदारी घराच्या मालकावरही ठेवण्याचं कारण उरत नाही. मेक्सिको सिटी हे आपल्याइतकंच कोंडलेलं महानगर. त्यांनी २०१७ मध्ये 'कमीत कमी इतक्या गाड्यांच्या जागा' हा नियम फिरवून 'जास्तीत जास्त इतक्या' असा केला.

दुसरा आक्षेप अग्निशमनाचा. अरुंद गल्ल्यांत बंब शिरणार कसा? हा प्रश्न मला सगळ्यात गंभीर वाटतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या इमारतींना टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क विकत घेऊन इथे वापरायची मुभा, मिळत नाही, म्हणून नौपाडा-पाचपाखाडीतल्या किती तरी जुन्या अधिकृत इमारती अडकून पडल्या. त्यावर ठाण्यात मार्ग पुढे आला तो असा: सहा मीटरचा रस्ता असेल तर दोन्ही बाजूंच्या इमारतींनी पुनर्विकासाच्या वेळी दीड-दीड मीटर मागे सरायचं आणि रस्ता नऊ मीटरचा करायचा. कल्पना चांगली. पण आम्ही सोसायट्या आमच्या जमिनीतून जे तीन मीटर सोडणार, ते कुणाला मिळणार? आमच्या मागच्या गल्लीत एका इमारतीने जागा सोडली. दुसऱ्या आठवड्यापासून तिथे गाड्यांची रांग लागली. बंबाला वाट पूर्वी होती तेवढीच. म्हणजे बंब अडतो तो रस्त्याच्या रुंदीने नाही, रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांनी अडतो. सोडलेले दीड-दीड मीटर कायद्याने पदपथ म्हणून लिहून घ्यावेत, त्यावर चाक चढू नये असा कठडा बांधावा, आणि मधला सहा मीटरचा रस्ता पूर्ण मोकळा ठेवावा. मग बंबही जाईल आणि आजींची चाकाची खुर्चीही जाईल.

"आधीच एवढी गर्दी, त्यात आणखी माणसं कशाला?" हा तिसरा आक्षेप. तो मी आमच्या गच्चीवरही ऐकला, आणि असं म्हणणारे माझे जवळचे शेजारी आहेत. गोखले रोडची संध्याकाळ त्यांनाही नकोशी होते, मलाही. पण त्या गर्दीत उभं राहून एकदा नीट बघावं. रस्त्याची बहुतेक रुंदी गाड्या आणि रिक्षांनी धरलेली असते आणि माणसं कडेच्या दोन-तीन फुटांत एकमेकांना ढकलत असतात. याच ठाण्यात गुढीपाडव्याला कोपिनेश्वर मंदिरापासून स्वागतयात्रा निघते, दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोड आणि तलावपाळी तरुण मुलामुलींनी फुलून जाते. त्या सकाळी रोजच्याहून कितीतरी जास्त माणसं तिथे असतात आणि कुणालाही ती गर्दी नकोशी वाटत नाही. घरातली म्हातारी माणसंसुद्धा नटून बघायला येतात. फरक एवढाच, की त्या दिवशी गाड्या नसतात.

पाण्याचा मुद्दा मात्र कुणी झटकू नये. ठाणे महापालिकेचं स्वतःच्या मालकीचं धरण नाही. पाणी महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून येतं, आणि घोडबंदरची कित्येक संकुलं टँकरवर दिवस काढतात. पण माणूस नौपाड्यात राहिला म्हणून जास्त पाणी पीत नाही. तो ओवळ्याला गेला तर त्याच्यासाठी नवी जलवाहिनी, नवी मलवाहिनी, नवी शाळा, नवा रस्ता दहा किलोमीटर लांब न्यावा लागतो. इथल्या वाहिन्या जुन्या आहेत, बदलाव्या लागतील. पुनर्विकासातून महापालिकेला जादा बांधकामाच्या प्रीमियमचा आणि विकास शुल्काचा जो पैसा मिळतो, तो याच प्रभागातल्या वाहिन्यांसाठी बांधून ठेवावा, ही मागणी माझ्या मागणीला जोडूनच आहे. आधी वाहिनी, मग मजले. हा क्रम मोडला तर मीही विरोधात उभी राहीन.

उंच मनोऱ्यांची बाजूही मी घेत नाही. उलट नौपाड्यासारख्या भागात सात-आठ मजल्यांच्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या, खाली दुकानं असलेल्या इमारतींत पुष्कळ माणसं सुखाने मावतात. मनोरा उंच होतो तो कितीदा तरी खालचे चार-पाच मजले गाड्यांना दिल्यामुळे. ते काढले तर इमारत तेवढीच घरं घेऊन ठेंगणी होते आणि चौथ्या मजल्यावरची आई खाली खेळणाऱ्या पोराला हाक मारू शकते.

हे करायला नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली नियमांत फेरबदलाचा प्रस्ताव महापालिका करू शकते आणि राज्य सरकार तो मंजूर करू शकतं. त्यात स्टेशनभोवतीच्या टापूची हद्द नकाशावर आखावी आणि त्या हद्दीत गाड्यांच्या जागेची किमान अट शून्य करावी. दिव्यांगांच्या गाडीसाठी आणि रुग्णवाहिका थांबण्यासाठी जागा मात्र बंधनकारक राहावी, दुचाकी आणि सायकलींसाठीही थोडी. रस्त्यालगतच्या तळमजल्यावर ठरावीक लांबीपर्यंत दुकानं किंवा दवाखाने असावेत. जुन्या गाळेवाल्यांना, भाड्याने चालवणाऱ्यांनाही, तळमजल्यावरच जागा परत द्यावी. नव्या स्टेशनभोवती आणि मेट्रोच्या स्थानकांभोवती हीच हद्द पुढे आखता येईल. जिथे आज जमीन मोकळी आहे तिथे नियम आधी बदलला नाही, तर तिथेही पाच मजली वाहनतळावर मनोरे उभे राहतील आणि मग पन्नास वर्षं काही हलवता येणार नाही.

आमच्या इमारतीची पुढची बैठक दोन आठवड्यांनी झाली. काकूंच्या आग्रहावरून आर्किटेक्टने दुसरा नकाशा काढून आणला होता. त्यात चारही गाळे होते, कोपऱ्यात गिरणी, मागे दुचाकींची ओळ, दोन गाड्यांची जागा आणि आंब्याभोवती माती. घरं पहिल्या नकाशाइतकीच, आणि बांधकामाचा खर्च कमी. पाच गाडीवाल्यांपैकी तिघे म्हणाले, आम्ही बाहेर भाड्याने जागा बघू, चालेल. कमिटीने तो नकाशा एकमताने पसंत केला. मग मंजुरीसाठी पहिलाच नकाशा पाठवायचं ठरलं, कारण दुसरा मंजूर होऊ शकत नाही. फेरबदलाची मागणी करणारं पत्र आम्ही सोळाही घरांच्या आणि चारही गाळेवाल्यांच्या सह्यांनिशी महापालिकेला दिलं आहे, सोबत दुसरा नकाशा जोडून. आजूबाजूच्या सोसायट्यांना आपल्या पुनर्विकासाच्या फाइलबरोबर असं पत्र द्यायचं असेल, तर त्याची प्रत गिरणीत ठेवली आहे.